गिऱ्हाईक बसलंय, आन् तूबी बसणार?

माझ्या पोटरीवरच्या निळ्या नसा मला नाही, आधी गिऱ्हाईकाला दिसल्या. मे महिना, लाईट गेलेली, मी हाफ पँटवर. गिऱ्हाईकाची मान खाली घातलेली आणि मी डाव्या बाजूला कल्ल्याची रेघ धरून उभा, त्यामुळं त्याची नजर नेमकी माझ्या पायावर. “मालक, पायाला गांडुळं चिकटल्यागत काय दिसतंय वो?”

शब्द अगदी बरोबर होता. गांडुळंच.

सांगलीत मारुती चौकाच्या मागच्या बोळात आमचं दोन खुर्च्यांचं दुकान आहे. 1998 पासून मी तिथं उभा आहे. हे ‘उभा आहे’ शब्दशः घ्या. सकाळी साडेसात ते रात्री नऊ, मध्ये जेवायला अर्धा तास, सोमवारी बंद. रविवारी चहासुद्धा उभ्यानंच. रात्री घरी गेलं की भिंतीला पाय लावून वर करायचे आणि जमिनीवर पडायचं. आमच्या धंद्यात बरेच जण असं करतात, आणि याला कुणी आजार म्हणत नाही. दमला, एवढंच म्हणतात.

बायकोनं मागं लागून मिरजेला नेलं. तिथं पायावर गार जेल लावून डॉपलर सोनोग्राफी केली. मशीनमधून रक्ताचा आवाज येत होता, नळाला हवा लागल्यावर येतो तसा. डॉक्टर समजावून सांगणारे निघाले. पायातल्या नसांना आतून झडपा असतात, त्या रक्ताला वर जाऊ देतात, खाली परत येऊ देत नाहीत. माणूस चालतो तेव्हा पोटरी आवळली जाते आणि रक्त वर ढकललं जातं. एका जागी उभं राहिलं की हा पंप थांबतो, रक्ताचा भार झडपांवर पडतो, आणि वर्षानुवर्षं असं झालं की झडपा सैल पडून नसा फुगतात. “धंदा काय?” “सलून.” “मग बरोबर आहे.” मांडीपर्यंतचे घट्ट मोजे लिहून दिले, लेझरचं पुढं बघू म्हणाले, आणि निघताना सहज बोलल्यासारखं बोलले, “जमेल तेवढं बसून काम करा.”

ते मोजे एकदा घालून बघाच. सकाळी दहा मिनिटं कुस्ती, आणि एप्रिलच्या सांगलीत दिवसभर पायाला पोळी भाजल्यासारखं. पण मोज्यांचं राहू दे. माझ्या डोक्यात ते ‘बसून’ घुसलं.

घरी सांगितल्यावर अण्णा, म्हणजे वडील, पेपर खाली घेऊन माझ्याकडं बघत राहिले. “आरं, गिऱ्हाईक बसलंय, आन् तूबी बसणार? मग उभं कोण ऱ्हाणार?”

खरं तर अण्णांच्या वडिलांनी आयुष्यभर बसूनच हजामत केली. तासगाव तालुक्यातलं गाव, बलुतं, हत्यारांची धोकटी काखेत. पारावर गिऱ्हाईक उकिडवं, आजोबा त्याच्यासमोर उकिडवे, आणि त्याचं डोकं यांच्या गुडघ्यात. 72 च्या दुष्काळानंतर अण्णा सांगलीत आले तेव्हा दुकानात लाकडी खुर्ची होती, हातवाली. पुढं हायड्रॉलिक आली. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्यानं मोबाईलवर शोधून सांगितलं की अमेरिकेत सेंट लुईसला अर्नेस्ट कोकेन नावाच्या माणसानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला सलूनच्या खुर्चीत असल्या सुधारणा केल्या. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं झाली, गिऱ्हाईक वर जातंय, खाली येतंय, मागं झुकतंय, गोल फिरतंय. न्हाव्याच्या बुडाखाली काय, याचा विचार त्या खुर्चीत कुठंच दिसत नाही.

आधी सोपा मार्ग केला. चाकांचं कटिंग स्टूल तयार मिळतं, पार्लरमध्ये बायका वापरतात. बावीसशे रुपयांना आणलं. एका दिवसात दोन गोष्टी कळल्या. पहिली ही की, टाईलवर हात पुढं केला की स्टूल मागं सरकतं. टाळूवरचे केस धरायला वाकावं, तर आपण आरामात मागच्या बाकड्याकडं निघालेलो. दुसरी गोष्ट गुडघ्यांची. उभा माणूस गिऱ्हाईकाच्या खुर्चीला पोट टेकवून काम करतो. बसला की गुडघे हातभर पुढं येतात, ते खुर्चीच्या हातावर आपटतात, आणि डोकं हाताच्या टप्प्याबाहेर जातं. संध्याकाळपर्यंत कंबर गेली. पायाचं दुखणं कमरेत आणलं म्हणून बायकोनं ऐकवलं ते वेगळंच.

मेव्हण्याचं कुपवाड एमआयडीसीत वेल्डिंगचं छोटं शेड आहे. त्याच्याकडं गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “दाजी, एवढं कशाला? गिऱ्हाईकाची खुर्चीच फिरवा की.”

हा प्रश्न नंतर निदान पन्नास जणांनी विचारला, म्हणून एकदाच उत्तर देतो. खुर्ची फिरते, आम्ही थोडी फिरवतोही. पण गिऱ्हाईकाला आरशापासून तोडलं की ते बेचैन होतं, मागं काय चाललंय बघायला मान वळवतं आणि कात्री चुकते. शिवाय आरसा गिऱ्हाईकापेक्षा आम्हाला जास्त लागतो. दोन्ही कल्ले एका रेघेत आलेत का, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, ते समोरच्या आरशात कळतं. गिऱ्हाईक आरशाकडं तोंड करूनच बसणार आणि आम्हीच भोवती फिरणार.

मग ठरलं ते असं. खुर्चीचा पंप ज्या जाड नळकांड्यात असतो ते जागचं हलत नाही, वरची खुर्ची फिरते. त्या नळकांड्याला दोन अर्धगोल पट्ट्यांचं कडं आवळायचं, कड्यावर फिरणारा हात बसवायचा, सव्वादोन फुटांवर हाताच्या टोकाला आमची सीट, आणि सीटखाली एक चाक. चाक नको असं मला वाटत होतं, नुसता हात हवेत ठेवू. मेव्हण्यानं मला शेडमधल्या एका पाइपच्या टोकावर बसवलं आणि दुसरं टोक उचलून दाखवलं. “तुम्ही अठ्ठ्याहत्तर किलोचे. बसलात की गिऱ्हाईक खुर्चीसकट तुमच्या मांडीवर.” चाक आलं. समोर काउंटर आणि गिऱ्हाईकाचे पाय, त्यामुळं पूर्ण गोल शक्य नाही. पाऊण गोल पुरतो.

सीटचा तिढा भंगारात सुटला. गुडघे पुढं यायला नकोत म्हणजे मांड्या खाली उतरत्या पाहिजेत, घोड्यावर बसल्यासारख्या. मेव्हण्याच्या शेडमागं एक मेलेली लुना पडली होती. तिची सीट काढली, स्प्रिंगसकट. सत्तावीस इंचावर लावून बसून बघितलं तर निम्मा बसलेला, निम्मा उभा. गुडघे खाली, पोट खुर्चीजवळ, हात डोक्यावर. मी त्या पाइपवर बसूनच मेव्हण्याच्या डोक्याची हवेत कटिंग केली आणि शेडमधली पोरं हसत सुटली. नवीन रेक्झिन चढवायला अडीचशे रुपये गेले.

एवढ्या उंचीवर पाय लोंबकळायला नकोत म्हणून पाय ठेवायला पायरी केली. आणि पाय पायरीवर गेले म्हणजे जमिनीला रेटा द्यायला पाय उरले नाहीत. म्हणून मोटर! मोटर या गोष्टीत अशी आली. तेव्हा आम्हाला हे फार हुशारीचं वाटलं होतं.

मोटर घेतली जुन्या ट्रकच्या वायपरची, सातशे रुपयांना. बारा व्होल्टची. तिच्यात वर्म गिअर असतो, म्हणजे स्क्रूसारख्या दांड्यानं फिरणारं दातेरी चाक, त्यामुळं छोट्या मोटरीलाही जोर भरपूर. दोन वेग मिळतात. आमची सावकाश वेगाला मिनिटात पंचेचाळीस फेरे घेत होती, खडूनं खूण करून मोजले. चाक चार इंची. भाच्यानं तिथंच मोबाईलवर आकडेमोड करून सांगितलं, उजव्या कानापासून पाठीमागून डाव्या कानापर्यंत नऊ सेकंद. बॅटरी यूपीएसमधली, पायाखाली दोन बटणं, एक डावीकडं, एक उजवीकडं. दाबून धरलं तरच चालणार, सोडलं की बंद.

डावीकडं मस्त गेली. उजवीकडंचं बटण दाबलं तर ठिणगी, आणि फ्यूज गेला. गाडीत सगळं निगेटिव्ह पत्र्याला जोडलेलं असतं, तीच सवय. मेव्हण्यानंही बॅटरीची एक तार फ्रेमलाच लावली होती आणि या मोटरीचं अंगही निगेटिव्हच. तारा उलट केल्या की अंग पॉझिटिव्ह होतं आणि फ्रेममधून थेट शॉर्ट. ती तार फ्रेमवरून काढून दोन्ही तारा स्विचपर्यंत वेगळ्या नेल्या, तेव्हा कुठं दोन्हीकडं फिरायला लागली. यात पूर्ण दोन सोमवार गेले.

तिसऱ्या सोमवारी दुकानात बसवली. तिथं पुरानं घोळ घातला. हसू नका, खरंच पुरानं. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या दुकानात खुर्च्या बुडाल्या होत्या. एका खुर्चीच्या पंपातून तर पुढं महिनाभर गाळ निघत होता. नंतर फरशी घालताना आम्ही शहाणपणा केला आणि पाणी दाराकडं निघून जावं म्हणून चांगला उतार ठेवला. चालताना तो कळतही नाही. चाकाला मात्र कळला. दाराच्या बाजूला सीट घरंगळल्यासारखी पळायची आणि आरशाकडं चढताना मोटर कण्हायची. शिवाय हात ताठ असल्यामुळं एका जागी चाक चक्क उचललं जायचं. हाताला मध्ये बिजागरी दिली, तेव्हा चाक जमीन धरून चालायला लागलं.

मंगळवारी पहिलं गिऱ्हाईक आमचे नेहमीचे निवृत्त मास्तर. माझी बसून कटिंग आणि त्यांचं सगळं लक्ष आरशात माझ्याकडं. मी डावीकडून उजवीकडं निघालो, मोटरीची घरघर, आणि मास्तर म्हणाले, “तुम्ही गणपतीच्या देखाव्यातल्यासारखे दिसताय.” त्या दिवशी बोळातली सगळी दुकानं बघून गेली. चहावाल्या पोरानं तर दोन चकरा मारून घेतल्या.

काम मात्र होत होतं. एक गोष्ट उलटी करावी लागली. इतकी वर्षं गिऱ्हाईक बसलं की पंप मारून खुर्ची वर घ्यायची सवय, आता पूर्ण खाली सोडायची. तरी उंच माणसाची टाळू खांद्याच्या वर राहायची, ती उभं राहूनच करावी लागे. मान, कानाच्या कडा, मागचा फेड (खालून वर केस हळूहळू वाढवत नेलेली कटिंग), झिरो मशीन, हे सगळं बसून सुंदर. उलट डोळे रेघेच्या समोर येतात, वाकावं लागत नाही, त्यामुळं फेड जास्त साफ यायला लागला. दाढीला ही सीट नको. दाढीत आमचं अंग डोलतं, वस्तऱ्यामागं खांदा जातो, ते लुनावर बसून होत नाही. आणि हातात वस्तरा असताना बुडाखाली मोटर असणं मला मुळातच पटत नव्हतं, म्हणून दाढीला मी पहिल्या दिवसापासून उतरून उभा राहिलो.

चौथ्या दिवशी मोटर गुरगुरली, जळका वास आला आणि फ्यूज परत गेला. चाक काढलं. आसावर केस गुंडाळलेले, दोऱ्याच्या रिळागत, इतके घट्ट की बोटानं सुटेनात. वस्तऱ्यानं कापून आकडीनं ओढले तर मूठभर निघाले. काळे, पांढरे, मेंदी लावलेले तांबडे, थरावर थर, चार दिवसांची सगळी गिऱ्हाइकं त्या आसावर होती. चाकाच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या चकत्या आणि पुढं-मागं बूट पुसायच्या ब्रशचे तुकडे लावले. तरी दुकानातल्या पोराला प्रत्येक गिऱ्हाइकानंतर झाडू मारायला सांगितलं. तो आजही माझ्यावर त्यासाठी रुसलेला आहे.

आणि एकदा व्हायला नको ते झालं. कॉलेजचं पोरगं, साइडला फेड. ट्रिमर कानावर असताना माझा पाय पायरीवरून घसरून बटणावर पडला. वर्म गिअरमुळं सीट चालू झाली की झटक्यात चालू आणि बंद झाली की झटक्यात बंद, मधलं काही नाही. दोन इंच सरकलो असेन. पण ट्रिमर वर चढला आणि साइडला पांढरा पट्टा पडला. पोरगं आरशात बघून गप्प झालं. मी पैसे घेतले नाहीत, दोन्ही बाजू त्या पट्ट्याला मिळवून बारीक केल्या. त्याला आता तेच आवडतं, पण त्या संध्याकाळी माझे हात कापत होते. बटणांवर पत्र्याची टोपी बसवली, म्हणजे पाय मुद्दाम आत घातल्याशिवाय दाबलं जाणार नाही.

याच दिवसांत भाच्यानं पेटंटचं काढलं. एकट्या माणसाला ऑनलाइन तात्पुरत्या अर्जाचे 1600 रुपये, मग बारा महिन्यांत सगळा तपशील देऊन पूर्ण अर्ज. मला क्षणभर मोह झाला. पण अर्जाआधी वस्तू जगजाहीर झालेली नसावी, असं त्यानंच पुढं वाचून दाखवलं, आणि आमची तर निम्म्या सांगलीनं बघितली होती. चहावाला त्यावर फिरून गेला होता. विषय संपला.

पाच महिन्यांनी परत मिरजेला गेलो. खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायलाच गेलो होतो. मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, मी सीटवर, सीट फिरतीय, पाय पायरीवर. डॉक्टरांनी दोनदा बघितला. मग पायाला बोटानं दाबून बघितलं. सूज तशीच. “यात तुमची पोटरी हलते कुठं?” मी गप्प. “देवानं पायात फुकटची मोटर दिलीय. ती आधी उभं राहून बंद पडत होती, आता तुम्ही बसून बंद पाडलीत.” आधी निदान गिऱ्हाईकाभोवती चार पावलं तरी टाकत होतो. ती पावलं मोजली तर दिवसाला बरीच भरत असणार. तेवढीच नेमकी मी मोटरीला देऊन टाकली होती.

येताना बसमध्ये मला राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. अकरा हजारांच्या वर खर्च झाला होता.

मेव्हण्याला फोन केला. तो हसला नाही, ‘हम्म’ म्हणाला. सोमवारी आला आणि पायरी ग्राइंडरनं कापून काढली. सीट दोन इंच खाली घेतली, चवडे जमिनीला टेकतील एवढी. मोटरीचं चाक मात्र तसंच ठेवून भागेना, कारण वर्म गिअर मागून ढकलला तर फिरत नाही. मोटर बंद म्हणजे ब्रेकच. म्हणून चाक मोटरीपासून सोडवायला एक खिळ केली. खिळ काढली की चाक मोकळं, आणि मी चवड्यानं रेटत फिरतो. कड्यावरच्या हातानं धरून ठेवलेलं असल्यामुळं ते चाकांच्या स्टुलासारखं मागं पळत नाही. प्रत्येक फेरीला टाच उचलते, पोटरी आवळते. पहिल्या आठवड्यात तर पोटऱ्या भरून आल्या, शाळेत कवायत केल्यावर यायच्या तशा. आता मानेचं आणि साइडचं काम बसून, टाळू आणि दाढी उभ्यानं, असा दिवस जातो. मोजे सुटले नाहीत. गांडुळं गेली नाहीत, ती तशी जातही नाहीत म्हणे. पण रात्री भिंतीला पाय लावायची पाळी आता बहुतेक रविवारीच येते.

मेव्हणा खिळ खिशात टाकून निघाला होता. अण्णांनी त्याला दारात थांबवलं. “ती हितंच ठेव.”

अण्णांचे दोन्ही गुडघे गेलेत. चार वर्षं झाली, त्यांनी कात्री धरलेली नाही, दुपारी येऊन बाकड्यावर पेपर वाचतात. ‘मग उभं कोण ऱ्हाणार’ म्हणणारे तेच. आता दुपारी दुकान रिकामं असलं की ते स्वतः खिळ घालतात, लुनाच्या सीटवर चढतात आणि पेपर उघडतात. पंख्याचा वारा ज्या बाजूला, त्या बाजूला बटण दाबून सरकतात. गेल्या महिन्यात त्यांचे एक जुने दोस्त आले. माझ्याकडं न बघता सरळ खुर्चीत बसले आणि म्हणाले, “आण्णा, मान तेवढी काढ.” अण्णांनी पेपर घडी करून मांडीखाली ठेवला, माझ्या हातातून कात्री घेतली आणि बटणात पाय घातला. मोटर घरघरली. अर्ध्या वाटेत त्यांनी मान वळवून मला विचारलं, “हिला जोरात पळवायचं बटण कुठाय?”